डोळ्यांचे वेळापत्रक

शाळेच्या मुख्याध्यापकाचे निम्मे आयुष्य वेळापत्रके आखण्यात जाते. कोणत्या तासाला कोणता वर्ग, कोणी शिक्षक रजेवर गेल्यास त्याच्या जागी कोण, अर्धवार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका किती दिवसांत तपासून व्हाव्यात, याच विचारांत सत्र केव्हा सरते ते कळत नाही. कुक्षीसारख्या गावी तर या हिशोबात आणखी काही रकमा मांडाव्या लागतात. कापूस वेचणीचे दिवस आले की पाड्यांवरची मुले वर्गात कमी दिसू लागतात. होळीपूर्वी भगोरियाचे हाट भरले की बाके ओस पडतात. 'आधी आखणी, मग काम' हा त्यामुळे आमचा स्वभावच बनून गेला आहे. मात्र ज्या दोन डोळ्यांनी ही सारी वेळापत्रके आखली, त्यांचेही एक वेळापत्रक आखण्याची पाळी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी आमच्यावर आली. त्या आखणीतून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

मोतीबिंदू चोरपावलांनी येतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी गळत नाही. आमच्या बाबतीत प्रथम रात्रीचा रस्ता बदलला. मनावरहून परतताना समोरून येणाऱ्या बसचे दिवे एकाएकी मोगऱ्याच्या गजऱ्यासारखे फुलून पसरू लागले आणि मधला रस्ताच दिसेनासा झाला. मग वर्षभरात चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. मुलांच्या वह्यांतील निळी शाई काळी वाटू लागली. धुतलेल्या धोतराला पिवळट झाक दिसू लागली, तेव्हा आम्ही इंदूरची वाट धरली. आमच्या अंगी दहा वर्षांपासून मधुमेह मुक्कामाला आहे, आणि या पाहुण्याच्या घरी मोतीबिंदू लवकर येतो, हे तेथील डॉक्टरांनी सांगितले. दोन्ही डोळे पिकले होते; डावा अधिक, उजवा कमी.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा, अशी एक समजूत घरोघरी आहे. वस्तुतः वरून काही येत नाही. डोळ्याच्या बाहुलीमागे निसर्गाने बसविलेले जे पारदर्शक भिंग असते, तेच वयोमानाने, मधुमेहाने किंवा माराने गढूळ होते. शिजताना अंड्याचा पांढरा बलक जसा आरपार दिसेनासा होतो, तसाच काहीसा हा प्रकार. म्हणून तो कोणत्याही थेंबाने वा काजळाने विरघळत नाही. गढूळ भिंग काढणे आणि जागी दुसरे बसविणे, हा एकच उपाय आहे.

हा उपाय आपल्या देशाला नवा नव्हे. सुश्रुतसंहितेत लिंगनाश या नावाखाली अणकुचीदार शलाकेने करावयाच्या क्रियेचे वर्णन आहे. पुढे शतकानुशतके फिरते वैद्य गढूळ भिंग सुईने ढकलून डोळ्याच्या तळाशी पाडीत असत. त्याने उजेड दिसे, पण रोग्याचा डोळा पुष्कळदा हातचा जाई. आपणा बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसांना अभिमान वाटावा असे एक पान या इतिहासात आहे. १७९८ ते १८३२ या काळात तंजावरच्या गादीवर असलेले सरफोजी राजे यांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था चालविली. तेथील नेत्ररुग्णांची टिपणे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेली आहेत. रुग्णाची तक्रार काय, कोणते उपचार केले, पुढे काय झाले, हे तर त्यांत आहेच. शिवाय कित्येक कागदांवर त्या डोळ्याचे रंगीत चित्रही काढून ठेविले आहे. दूर दक्षिणेत जाऊन बसलेल्या एका मराठी राजाला शस्त्रक्रियेइतकीच तिची नोंदही मोलाची वाटली, ही गोष्ट आम्हां शाळामास्तरांना विशेष भावते. नोंद ठेवणारा माणूस रुग्णाला दुसऱ्या दिवशी विसरत नाही.

आमच्या पिढीने लहानपणी पाहिलेला मोतीबिंदू मात्र निराळा होता. शस्त्रक्रियेनंतर आमच्या आजोबांना डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून कित्येक दिवस उताणे निजवले होते. मान हलविण्याचीही मुभा नव्हती. त्यांना मग सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा मिळाला. काढलेल्या भिंगाच्या जागी काही बसवीत नसत. त्या भिंगाचे काम ही जाड काच करी. डोळ्यातच भिंग बसविण्याची कल्पना लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील हॅरल्ड रिडले या शल्यविशारदाची. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या छताचे पर्स्पेक्सचे तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते. ते तेथे निमूट राहतात, डोळा त्यांच्यावर चिडत नाही, हे त्याच्या ध्यानी आले. १९४९ च्या नोव्हेंबरात त्याने त्याच जातीच्या पदार्थाचे भिंग एका रुग्णाच्या डोळ्यात बसविले. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन याने सूक्ष्म कंपनांनी भिंग फोडून शोषून घेण्याची रीत काढली. दंतवैद्याचे दात साफ करण्याचे यंत्र पाहून ती त्याला सुचली. आपल्या देशात १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी डॉ. वेंकटस्वामी यांनी मदुराईला अरविंद नेत्र रुग्णालयाचा आरंभ केला. आणि १९९२ पासून तेथील ऑरोलॅबमध्ये भिंगे तयार होऊ लागल्यावर विलायती भिंगांच्या किमतीची धास्ती उरली नाही. वाळूच्या पिशव्या गेल्या, टाके बहुधा गेले, आणि सकाळी रुग्णालयात गेलेला माणूस सायंकाळी घरी येऊ लागला.

इतके असूनही आमच्या भागात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे नाव काढताच वृद्ध माणसे गप्प होतात. या मौनाला कारण आहे. नर्मदेपलीकडे बडवानी येथे २०१५ च्या नोव्हेंबरात झालेल्या नेत्रशिबिरानंतर डोळ्यांत जंतुसंसर्ग होऊन चाळीसहून अधिक माणसांची दृष्टी गेली. ती माणसे बहुतेक याच पट्ट्यातील, हातावर पोट असलेली. वर्तमानपत्रांतून ती बातमी कालांतराने उतरली. पाड्यांवरून ती अजून उतरलेली नाही. 'दिसते तेवढे पुरे' असे म्हणणारी आजी अडाणी असते असे समजण्याचे कारण नाही. तिने शेजारणीचा डोळा पाहिलेला असतो. खरे सांगायचे तर ही धास्ती आमच्याही मनात होती. एम. ए. ची पदवी भीतीच्या आड येत नाही.

तथापि भीतीचा एक सदुपयोग करता येतो. तिला प्रश्न विचारायला लावता येते. आम्ही डॉक्टरांना विचारले, डोळा कशाने जातो? त्यांनी उत्तर देण्यास मुळीच टाळाटाळ केली नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीतील निर्जंतुकता ही त्यांची जबाबदारी. तीत ढिलाई झाली तर रुग्णाच्या हाती काही उरत नाही. म्हणून जागा निवडतानाच चौकशी करावी. तेथे अशा शस्त्रक्रिया नित्य होतात की कधीमधी? दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने डोळा तपासणारा तोच डॉक्टर भेटेल काय? रात्री-अपरात्री काही झाले तर दूरध्वनी कोणाला करायचा? पण यानंतर त्यांनी जे सांगितले ते आमच्या मनात घर करून राहिले. ते म्हणाले, "शस्त्रक्रिया पंधरा मिनिटांची. त्यानंतरचे सहा आठवडे आमच्या हातांत नाहीत, तुमच्या घरच्यांच्या हातांत आहेत."

त्या सहा आठवड्यांचे वेळापत्रक आम्ही आखायला घेतले.

पहिला प्रश्न काळाचा. मोतीबिंदू थंडीतच काढावा, हा जुना दंडक आता उरलेला नाही. बारा महिन्यांत केव्हाही तो काढता येतो. तेव्हा ऋतू न पाहता शाळेचे सत्र पाहिले. मंडळाच्या परीक्षा फेब्रुवारीत सुरू होतात; त्याआधी दोन्ही डोळे कामाचे व्हायला हवेत. एका डोळ्याचा नंबर बदलला आणि दुसऱ्याचा तसाच राहिला तर पायरी कोठे आहे आणि पाय कोठे पडतो याचा मेळ बसत नाही. त्यामुळे दोन शस्त्रक्रियांत फार अंतर नको. डावा डोळा दिवाळीत भाऊबीज उरकल्यावर आणि उजवा डिसेंबरअखेरच्या सुटीत, असे ठरले. धाकटी बहीण इंदूरलाच असल्याने भाऊबीजेचा आणि मुक्कामाचा असे दोन्ही प्रश्न एकदमच सुटले. शाळेचा कार्यभार ज्येष्ठ सहकाऱ्याकडे लेखी सोपविला. किल्ल्या, पावतीपुस्तके आणि अर्धवट राहिलेल्या पत्रव्यवहाराची यादी त्यांच्या स्वाधीन केली.

दुसरा प्रश्न देहाचा. रक्तातील साखर आटोक्यात आणण्यासाठी दिवाळीच्या फराळाकडे पाठ फिरविली. दातांची, कानाची वा त्वचेची कोठली दुखणी असतील तर ती आधी बरी करून घ्यावी, कारण एका ठिकाणचा जंतू दुसऱ्या ठिकाणी जाण्यास वेळ लागत नाही. चालू असलेली सर्व औषधे एका कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवावी, हे आम्ही वाचकांना विशेष आग्रहाने सांगू. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या पुष्कळांना चालू असतात. त्याचप्रमाणे उतारवयात पुरुषांना लघवी साफ होण्यासाठी टॅम्सुलोसिन जातीचे औषध देतात. डोळ्याशी त्याचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण त्या औषधाने शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली हवी तशी विस्फारत नाही, आणि डॉक्टरांना ते आधी ठाऊक असले तर ते तयारीनिशी बसतात. संकोचापायी ही गोष्ट कोणी लपवू नये.

तिसरा प्रश्न मोठा रंजक निघाला. डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर ठरविण्यासाठी डोळ्याचे माप घेतात. माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. या मापात एका मिलिमीटरची तफावत झाली तर चष्म्याचा नंबर दोन-अडीचने चुकतो. माप झाल्यावर डॉक्टरांनी विचारले, "तुम्हांला चष्म्यावाचून लांबचे स्पष्ट दिसायला हवे की जवळचे?" साध्या भिंगाने एकच अंतर नितळ दिसते, दुसऱ्यासाठी चष्मा लागतो. दोन्ही अंतरे साधणारी महाग भिंगेही निघाली आहेत, परंतु त्यांनी काहींना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात, आणि बसच्या दिव्यांचा गजरा आम्ही पुरेसा पाहिला होता. बहुतेक लोक लांबचे मागतात. आम्हांला लहानपणापासून उणे पाचाचा चष्मा. दिवसभर तो नाकावर, पण रात्री अंथरुणावर आडवे झाल्यावर चष्मा काढून पुस्तक वीतभर अंतरावर धरून वाचण्याचे जे सुख आम्ही चाळीसहून अधिक वर्षे भोगले, ते लांबच्या भिंगाने कायमचे जाणार होते. सहकारी म्हणाले, "मैदानाच्या टोकाला कोण उभे आहे ते दिसले पाहिजे, माटसाब!" आमच्या मंडळींनी एका वाक्यात निकाल दिला, "अहो, मैदान अजून पाच वर्षे आहे. पुस्तक त्यानंतरही आहे." आम्ही जवळचे भिंग मागितले. लांबचे पाहण्यास चष्मा लागतो, पण पूर्वीच्या निम्म्या नंबराचा. प्रत्येकाने हेच करावे असे नाही. मात्र आपल्या दिवसाचा अधिक भाग डोळे कशाकडे लावलेले असतात याचा विचार करून, हे उत्तर घरूनच ठरवून न्यावे.

चौथा प्रश्न घराचा. स्वयंपाक आमच्याकडे गॅसवर होतो, पण आंघोळीचे पाणी अद्याप लाकडाच्या बंबावर तापते. त्याचा धूर डोळ्यात जायला नको म्हणून बंब मागील अंगणात गेला. स्नान मानेखालून, डोक्यावर पाणी डॉक्टर सांगतील तेव्हा. वाकून ओझे उचलणे नाही, डोळा चोळणे नाही, रात्री निजताना डोळ्यावर प्लॅस्टिकची झाकणी. यांपैकी काहीही अवघड नाही. अवघड काय, तर थेंब. पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार, असे उतरत्या क्रमाने सहा आठवडे. दोन निरनिराळे थेंब असले तर त्यांच्यामध्ये पाच मिनिटांचे अंतर. हात साबणाने धुवावेत, खालची पापणी हलकेच ओढावी, थेंब त्या खळगीत सोडावा, आणि बाटलीचे टोक पापणीला वा डोळ्याला लागू देऊ नये. सांगायला सोपे. पण स्वतःच्या डोळ्यात थेंब घालू पाहणाऱ्याचा पहिला थेंब गालावर आणि दुसरा मिशीत जातो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने आमच्या मंडळींनी शस्त्रक्रियेपूर्वी आठवडाभर, डोळे ओले ठेवण्याच्या साध्या थेंबांवर सराव केला. डोळ्यांत तेल घालून जागणे हा वाक्प्रचार आम्ही तीस वर्षे शिकवीत आलो. डोळ्यांत औषध घालण्यासाठी दुसऱ्या कोणी जागावे लागते हे तेव्हा समजले.

शस्त्रक्रियेविषयी सांगण्यासारखे थोडे आहे, आणि तेच चांगले. सुई नाही, थेंबांनी डोळा बधिर झाला. समोर निळ्या-गुलाबी उजेडाची रांगोळी पसरत होती, यंत्र मधूनच गुणगुणत होते, आणि डॉक्टर "वर पाहा, अगदी छान" एवढेच म्हणत होते. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. बहिणीच्या घरी आम्ही बसतो त्या खोलीची भिंत आम्ही इतके दिवस बदामी रंगाची समजत होतो, ती स्वच्छ पांढरी निघाली. पलंगावर बाघची छापील चादर होती. कुक्षीपासून बाघ जवळच. खत्री कारागिरांचा तो लाल-काळा छाप आमच्या रोजच्या पाहण्यातला. पण उजव्या डोळ्याने पाहिले तर चादर चहा सांडल्यासारखी, आणि डाव्याने पाहिले तर पांढऱ्या भूमीवर लाल रंग नुकताच भट्टीतून निघाल्यासारखा. लहान मुलासारखे आम्ही एक एक डोळा झाकून बराच वेळ तो खेळ केला. पिकलेले भिंग निळा प्रकाश अडविते आणि जगाला पिवळे करते, हे पुस्तकी ज्ञान त्या चादरीवर पडताळून पाहिले.

याच रुग्णालयात आमच्या शेजारी, शिबिराच्या मोटारीने आणलेली एक म्हातारी आजी होती. आमच्याच तालुक्यातील एका पाड्यावरची. तिच्यासोबत तिचा नातू होता, आणि तो आमच्याच शाळेत नववीत! आम्हांला डोळ्यावर झाकणी लावलेले पाहून तो क्षणभर गोंधळला, मग "माटसाब, आपभी?" म्हणून पाया पडला. आजीची शस्त्रक्रिया आमच्याच दिवशी, त्याच खोलीत, त्याच डॉक्टरांच्या हातून झाली. तिच्याकडून पैसा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी तिलाही घरी जाण्याची परवानगी मिळाली, हातात दोन बाटल्या आणि एक छापील कागद आला. तो कागद पाहत नातू आम्हांला विचारू लागला, "सहा वेळा म्हणजे केव्हा केव्हा? घरी घड्याळ बाबांच्या मोबाइलमध्ये आहे, आणि बाबा मजुरीला गुजरातेत."

त्या प्रश्नाने आम्ही थबकलो. डोळा सारखा, हात सारखे. आमच्या बाजूला मात्र पगारी रजा होती, शहरात बहीण होती, बंब हलवून घेणारे अंगण होते आणि आठवडाभर सराव केलेली मंडळी होती. आजीच्या बाजूला चौदा वर्षांचा एक मुलगा होता. शस्त्रक्रिया सरकार फुकट करून देऊ शकते, भिंग फुकट देऊ शकते. दिवसातून सहा वेळा पापणी ओढून धरणारे बोट कोणत्या योजनेतून द्यावे?

आम्ही त्याच्या वहीचे पान घेतले आणि अर्ध्या नजरेने एक तक्ता काढला. उगवता सूर्य, कासराभर वर आलेला सूर्य, डोक्यावरचा, कललेला, मावळता, आणि शेवटी दिवा: अशा सहा खुणा आडव्या, आणि दिवसांच्या रेघा उभ्या. थेंब घातला की त्या चौकटीत कोळशाने फुली. खाली चार धोक्याच्या खुणा लिहिल्या: डोळा दुखू लागणे, लाली वाढणे, काल दिसत होते त्याहून आज कमी दिसणे, आणि चिकट स्राव येणे. यांपैकी एकही दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, कारण डोळ्यातील जंतुसंसर्ग तासांच्या हिशोबाने पुढे जातो. नातवाने पान घडी करून खिशात ठेविले.

आठ दिवसांनी तपासणी करून आम्ही कुक्षीला परतलो. बाराव्या दिवशी सकाळीच तो मुलगा आमच्या दारात उभा. हाती तोच तक्ता. नऊ दिवसांच्या फुल्या नीट होत्या. पुढच्या चौकटी कोऱ्या. आजीला दिसू लागले होते. दिसू लागल्यावर औषध कशाला, असे म्हणून ती कापूस वेचायला गेली, आणि मुलगा शाळेत असताना बाटल्या कोनाड्यात राहिल्या. आता डोळा लाल, उजेड सोसवत नाही. मुलाने चार खुणांपैकी दोन ओळखल्या आणि सहा किलोमीटर चालत आला.

आम्हांला घराबाहेर पडण्याची बंदी. आमच्या मंडळींनी मुलाला चहा-पोळी दिली, आम्ही सहकाऱ्याला निरोप धाडला, त्यांनी गाडी काढली. बडवानी जवळ, परंतु आजी त्या गावाचे नाव काढू देईना. वाद घालण्यात वेळ न दवडता तिला धारला नेत्रतज्ज्ञाकडे नेले. दुपारी निरोप आला तोवर घरात कोणी धड जेवले नव्हते. संसर्ग नव्हता. थेंब एकाएकी बंद झाल्याने आणि शेतातील धुळीने आतील सूज उसळली होती. थेंब पुन्हा, आता तासातासाला. आणि डोळा वाचला. आणखी दोन-चार दिवस गेले असते तर काय झाले असते, हे विचारल्यावर डॉक्टरांनी सहकाऱ्यांना उत्तर दिले नाही, नुसता तक्ता परत दिला.

रजा संपवून शाळेत गेल्यावर पहिल्याच शनिवारच्या बालसभेत आम्ही त्या मुलाला उभे केले. त्याने फळ्यावर सहा सूर्य काढले, हात कसे धुवायचे, पापणी कशी ओढायची, बाटलीचे टोक कोठे लागू द्यायचे नाही, हे निमाडीत आणि भिलालीत समजावले. आमच्या मराठी वळणाच्या हिंदीत ते आम्हांला इतके सोपे करून सांगता आले नसते. सभेनंतर तीन मुली पुढे आल्या. तिघींच्याही घरी मोतीबिंदू पिकलेली माणसे होती. आता शाळेत एक वही आहे. शस्त्रक्रियेला कोणाचे आजी-आजोबा गेले, कोणत्या दिवशी परतले, थेंबांची हजेरी कोण घेते, आठवड्याची तपासणी झाली की नाही. पानांची संख्या अद्याप मोठी नाही. तंजावरच्या राजाने रंगीत चित्रे काढून घेतली. आमच्या वहीत कोळशाच्या फुल्या आहेत.

डिसेंबरात आमचा उजवा डोळाही झाला. जानेवारीअखेर नवा चष्मा आला, मंडळाच्या परीक्षा यथासांग पार पडल्या, आणि रात्री चष्मा उशाशी ठेवून आडवे पडून वाचण्याचे सुख आम्हांला परत मिळाले.

असो. वाचकांपैकी ज्यांच्या घरी हा प्रसंग येऊ घातला असेल त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की डॉक्टर, भिंग आणि खर्च यांची चौकशी आपण सारेच करतो. तिच्याबरोबर आणखी एक प्रश्न कागदावर लिहावा: सहा आठवडे थेंब कोण घालणार? मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला किंवा परदेशी असतील, घरात दोघेच वृद्ध असतील, तर हे उत्तर शस्त्रक्रियेच्या तारखेआधी ठरले पाहिजे. शेजारी हिंदी बोलणारा असो की गुजराती, थेंबाला भाषा लागत नाही. आणि घरातील बायकांचे डोळे याच फेरीत तपासून घ्यावेत. सुईत दोरा ओवताना त्या नातवाला हाक मारतात, आणि आपण त्याला कौतुकाचा विषय समजतो.

आमच्या मंडळींचे डोळे डॉक्टरांनी आमच्या तपासणीच्या दिवशीच पाहिले. उजव्यात मोतीबिंदू धरू लागला आहे. पुढल्या दिवाळीनंतर काढू म्हणाले. तिने कापसाची वेचणी, संक्रांत आणि बहिणीची सोय पाहून तारीख निश्चित केली आहे. साध्या थेंबांची एक बाटली आम्ही कालच आणली. सध्या रोज संध्याकाळी, दिवेलागणीला, आमचा सराव चालू आहे. पहिले चार दिवस थेंब तिच्या गालावर गेला. काल खळगीत पडला.